मोटरहोम: एक हप्ता, दोन खरेद्या

मोटरहोमची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या व्हॅनची, पहिली चौकशी शोरूममध्ये करू नये, सोसायटीच्या ऑफिसात करावी. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत गाड्या पोडियमवर चढतात आणि रॅम्पच्या तोंडाशी आडवा लोखंडी बार असतो. त्याची उंची साध्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली असते. उभं राहता येईल अशी व्हॅन मुळातच अडीच मीटरच्या आसपास उंच असते. वर छताचा एसी, स्कायलाइट आणि सोलर पॅनल बसले की आणखी वीस-तीस सेंटीमीटर वाढतात. एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगचा तर विषयच नको. आखलेली जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटरची असते आणि चार-पाच माणसांच्या कुटुंबाला पुरेल अशी व्हॅन सहा ते सात मीटर लांब. म्हणजे मागचा दीड-दोन मीटर भाग ज्या वाटेत जाणार, त्या वाटेने रोज जाणाऱ्यांशी भांडण ठरलेलं.

वाशी-नेरुळच्या जुन्या, मोकळं आवार असलेल्या सोसायट्यांत हे जरा सोपं जातं. तिथेही फाटकाची रुंदी आणि आत शिरताना लागणारं वळण टेपने मोजावं. नारळाच्या झाडाखालची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण एका नारळात सोलर पॅनल संपतं. आवारात काहीच जमलं नाही तर तुर्भे, रबाळे, कळंबोली या पट्ट्यात ट्रान्सपोर्टवाल्यांच्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्याने जागा मिळते. ते भाडं पहिल्या दिवसापासून हप्त्याच्या शेजारी लिहावं, कारण हप्ता कधीतरी संपतो, हे संपत नाही. कमिटीची परवानगीही लेखी घ्यावी, आणि त्याच पत्रात १६ अँपिअरच्या सॉकेटचा आणि त्याच्या सबमीटरचा उल्लेख करून घ्यावा. तोंडी होकार पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो.

जागेचा प्रश्न सुटला की खरा गुंता सुरू होतो. मोटरहोम म्हणजे कायद्याच्या आणि बँकेच्या नजरेत दोन वस्तू आहेत: चाकांवरची गाडी आणि तिच्या आतलं घर. गाडी बनवणारा वेगळा, घर बांधणारा बहुधा वेगळा. गाडीवर कर्ज मिळतं, घरावर सहज मिळत नाही. गाडीचा विमा आपोआप निघतो, घराचा मुद्दाम मागावा लागतो. या व्यवहारात जे काही बिघडतं ते बहुतेक या दोन्हींच्या सांध्यावर बिघडतं. म्हणून सोफ्याचा रंग नंतर निवडावा, आधी सांधा बघावा.

स्वस्तातला रस्ता सगळ्यांना दिसतो. फोर्सची ट्रॅव्हलर किंवा टाटाची विंगर घ्यायची आणि वागळे इस्टेटमधल्या एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे सोपवायची. कारागीर हुशार असतात, सुतारकामही शोरूमपेक्षा देखणं करतात. जीएसटीतही हा मार्ग सोयीचा वाटतो: ग्राहकाने दिलेल्या चासीवर बॉडी बांधणं ही सेवा धरली जाते आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो, तर बांधणाऱ्याने स्वतःच्या चासीवर पूर्ण वाहन करून विकलं तर त्या वाहनाचा जो दर असेल तो लागतो. अडचण पासिंगला येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरून मोकळं होता येईल, असं कोणी म्हणेल. पण आरसीवर प्रवासी व्हॅन आणि प्रत्यक्षात आत स्वयंपाकघर, ही विसंगती अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला सगळ्यात आधी दिसते.

सरळ रस्ता म्हणजे मोटर कॅराव्हान (मोटरहोमचं कागदोपत्री नाव) म्हणून मान्यता असलेलं मॉडेल घेणं. त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. बांधणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: मान्यतेचं प्रमाणपत्र कोणत्या बेस गाडीसाठी, किती व्हीलबेससाठी (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि किती आसनांसाठी आहे? प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि बुकिंग फॉर्मवर तोच प्रकार लिहून घ्यावा. ‘आमच्या बऱ्याच गाड्या पास झाल्यात’ हे उत्तर नव्हे. चासी आणि बॉडी वेगवेगळ्या ठिकाणी झाली असेल तर फॉर्म २२-अ, म्हणजे गाडी नियमांप्रमाणे बनल्याचा दाखला, लागतो, त्यातला एक भाग चासीवाल्याचा आणि दुसरा बॉडीवाल्याचा. दुसरा भाग देणारा माणूस नसेल तर बाकी बोलण्यात अर्थ नाही.

कराचंही तसंच. महाराष्ट्रात खाजगी डिझेल मोटारीवरचा एकरकमी कर किमतीनुसार १३, १४ किंवा १५ टक्के आहे. पण आपली गाडी कोणत्या सदरात बसणार हे नोंदणीत बॉडीचा प्रकार काय लिहिला जातो त्यावर ठरतं. पत्ता ठाण्याचा असेल तर एमएच-०४, वाशी-नेरुळचा असेल तर एमएच-४३ आणि पनवेल भागातला असेल तर एमएच-४६ च्या कार्यालयात बुकिंगआधीच प्रमाणपत्राची प्रत दाखवून विचारावं. दहा लाखांवरच्या मोटारीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतो. तो आयकर विवरणात परत मागता येतो, तरी बुकिंगच्या महिन्यात खिशातून जातोच.

आता वजन. हा विषय विक्रेता कधीही आपण होऊन काढत नाही. समजा बेस गाडीचं मान्य एकूण वजन ४,००० किलो आहे आणि रिकामी व्हॅन २,७०० किलोची आहे. उरले १,३०० किलो, आणि ऐकायला ते भरपूर वाटतात. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक ताव साधारण ३६ किलो भरतो. पलंग, कपाटं, ओटा यांत दहा ताव गेले की ३६० किलो. छताचा एसी ४०, सहा किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी ५५, फ्रिज ३०, टॉयलेट-शॉवर ६०, दोन सोलर पॅनल २४, बाजूची कनात ३०, आणि इन्सुलेशन, आतलं पॅनलिंग, वायरिंग मिळून दीडशे. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. पाच माणसं सव्वातीनशे, त्यांचं सामान शंभर. बेरीज १,२७४. म्हणजे उरले २६ किलो, आणि सायकली अजून मागे लावायच्या आहेत.

म्हणून ऑर्डर देतानाच कपाटांसाठी ॲल्युमिनियमची चौकट आणि १२ मिलिमीटर प्लाय लिहून घ्यावा. ताव चोवीस किलोवर येतो आणि दहा तावांत १२० किलो वाचतात. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन हवा. बीडब्ल्यूआर म्हणून मिळणारा आयएस ३०३ चा माल घरच्या ओट्याखाली चालतो, पण ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत बंद उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याच्या कडा फुगतात. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे टांगू नये. वजन मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. ताबा घेण्याआधी वजनकाट्यावर पूर्ण गाडी आणि मग पुढचा-मागचा ॲक्सल वेगळा तोलावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वजनकाटे भरपूर आहेत, पावती शंभर-दोनशे रुपयांची, आणि कराराला ती जोडता येते. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या गाडीला नेहमीचं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

विजेच्या बाबतीत सगळ्यात जास्त थापा चालतात. ‘सोलरवर एसी चालतो’ असं सांगणाऱ्याला कागद-पेन द्यावं. २०० वॅटची दोन पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण सव्वा किलोवॅट-तास देतात, आषाढात त्याच्या अर्धेही नाही. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे २.५६ किलोवॅट-तास. त्यातले नव्वद टक्के वापरले आणि इन्व्हर्टरची गळती वजा केली की हातात जेमतेम दोन उरतात. एक टनाचा एसी सुरुवातीला एक किलोवॅट ओढतो, गार झाल्यावर निम्मा. मे महिन्यातली कोकणातली रात्र आठ तासांची धरली तर पाच किलोवॅट-तास हातात हवेत, म्हणजे सहाची बॅटरी. ती भरायची कशी? गाडीच्या अल्टरनेटरवर ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर ताशी साधारण ४०० वॅट-तास देतो. ठाण्याहून दापोलीला पाच तास धरले तर दोन किलोवॅट-तास भरतात. उरलेलं मुक्कामाच्या ठिकाणच्या प्लगवरून. म्हणजे एसी हवा असेल तर रात्री प्लग असलेला मुक्काम हवा. हे आधी मान्य केलं तर बॅटरीवरचे लाखभर रुपये वाचतात.

डीसी-टू-डीसी चार्जर गाळून नुसता रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणारा साधा स्विच, लावणारे कारागीर भेटतात. अनेक बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंजिनच्या सोयीने व्होल्टेज खाली आणतो, मग रिलेवरची बॅटरी दिवसभर प्रवास करूनही भरत नाही आणि दोष बॅटरी कंपनीवर येतो. इंडक्शन शेगडी २,००० वॅट ओढते, बारा व्होल्टवर ते १७० अँपिअरच्या वर जातं. तेवढ्याला ७० चौरस मिलिमीटरची केबल हवी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. पातळ केबल गरम होते, आणि ती नेमकी प्लायच्या मागे असते. शक्य असेल तर २४ व्होल्टची रचना घ्यावी, करंट निम्म्यावर येतो. बाहेरच्या प्लगच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नये. पॅनलिंग बंद होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीच्या वायरिंगचे फोटो मागावेत. पुढे कपाटाला स्क्रू मारताना त्यांचीच मदत होते.

गॅसबद्दल थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर या कामाचा नाही. पाच किलोचा छोटा घ्यावा, किंवा सरळ इंडक्शनवर भागवावं.

पैशाचा भाग आता. समजा गाडी १६ लाखांची आणि आतलं काम ९ लाखांचं, एकूण २५. पैकी २० लाख कर्ज हवं आहे. मान्यताप्राप्त उत्पादकाने २५ लाखांचं एकच टॅक्स इन्व्हॉइस दिलं आणि बँकेने ते मान्य केलं, तर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ४२,००४ रुपये बसतो. आता तेच दोन बिलांत फोडा. बँक फक्त १६ लाखांच्या गाडीवर बोलते, ८५ टक्के धरून १३ लाख ६० हजार देते. उरलेले ६ लाख ४० हजार वैयक्तिक कर्ज म्हणून १४ टक्क्यांनी काढावे लागतात. दोन्ही हप्ते मिळून ४३,४५४ होतात. महिन्याला दीड हजाराचा फरक किरकोळ दिसतो, पाच वर्षांत तो ८७ हजार होतो, आणि त्यात वैयक्तिक कर्जाची प्रोसेसिंग फी धरलेली नाही. आतल्या कामासाठी उसने पैसे घ्यायचेच असतील तर मुदत ठेवीवरचं कर्ज किंवा गृहकर्जाचा टॉप-अप बहुधा स्वस्त पडतो. मात्र टॉप-अप पंधरा वर्षांसाठी घेऊन त्यातून गाडीचा सोफा करणं हा हिशेब मनाला पटवून घ्यावा लागतो.

मुदतीचंही तसंच. २० लाख सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३२,६८८ वर उतरतो आणि मासिक पगाराला बरं वाटतं. एकूण व्याज मात्र ५ लाख २० हजारांवरून ७ लाख ४६ हजारांवर जातं. एखादा फायनान्सवाला ‘फक्त ६ टक्के फ्लॅट’ म्हणाला, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, की दचकावं. २० लाखांवर पाच वर्षांचं ६ टक्के फ्लॅट म्हणजे ६ लाख व्याज, हप्ता ४३,३३३. घटत्या शिलकीवर हा दर १०.८५ टक्के पडतो, म्हणजे साडेनऊवाल्या बँकेपेक्षा महाग. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कर्जाच्या अटींचा आणि खर्चाचा गोषवारा सक्तीचा केला आहे. त्यातला एपीआर, म्हणजे शुल्कांसह पडणारा वार्षिक दर, बघावा, बाकी ब्रोशर बाजूला ठेवावं. कर्ज फिक्स्ड की फ्लोटिंग हेही त्यातच कळतं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग दराच्या, व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या कर्जांवर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. फिक्स्डवर ते असू शकतं, आणि बोनसमधून लवकर फेडायचा विचार असेल तर हा फरक मोठा आहे.

पैसे कधी सुटतात हे दरापेक्षाही महत्त्वाचं. बँकेने पूर्ण रक्कम बुकिंगलाच दिली आणि आतलं काम चार महिने चाललं, तर गाडी वर्कशॉपमध्ये उभी असताना १ लाख ६८ हजारांचे हप्ते जातात. मंजुरीपत्रात टप्प्याटप्प्याने वितरण लिहून घ्यावं. बांधणाऱ्याशी करार करतानाही टप्पे ठेवावेत: थोडा बयाणा, मग बेस गाडी आल्यावर, वायरिंग-प्लंबिंग उघडं असताना तपासून झाल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के पासिंग आणि पाण्याची चाचणी झाल्यावरच. उशिराचा दंड आकड्यात लिहावा. बांधणाऱ्याला शेवटच्या दहा टक्क्यांची घाई असते, आपली कामं तेवढ्यावरच उरकतात.

‘तुम्ही नसताना भाड्याने द्या, हप्ता सुटेल’ हा सल्ला विक्रेत्यांच्या तोंडी हमखास असतो. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, ते खरं. पण ते रीतसर नोंदणी करून व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने देता येत नाही, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. भाडं हिशेबात धरायचं तर पिवळी पाटी, परवाना, वेगळा कर आणि वेगळा विमा यांसह धरावं. त्यानंतर जे उरतं ते पाहून बहुतेक कुटुंबं हा विषय सोडून देतात.

विम्यात सांधा पुन्हा उघडा पडतो. पॉलिसीत फक्त बेस गाडीची किंमत लिहिली असेल तर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, १६ लाखांवरून मोजली जाते. तीन वर्षं उलटली की घसारा ४० टक्के, म्हणजे ९ लाख ६० हजार. सात वर्षांच्या कर्जात तेव्हा सुमारे १३ लाख शिल्लक असतात. गाडी पूर्ण गेली तर ३ लाख ४० हजार बँकेला घरातून द्यायचे आणि गाडीही नाही. पूर्ण २५ लाखांवर विमा काढला असता तर आयडीव्ही १५ लाख आली असती. म्हणून एसी, बॅटरी, सोलर, फर्निचर या सगळ्याची बिलासह यादी प्रस्तावात जोडावी आणि ती पॉलिसीवर छापून आली का ते वाचावं.

ताब्याच्या दिवसाबद्दल एक मत. दसरा किंवा पाडवा गाठायचा म्हणून अर्धवट गाडी उचलली जाते, ‘उरलेलं नंतर करून देतो’ या बोलीवर. नंतर ते होत नाही. या भागात खरा मुहूर्त जुलैचा. पावसात ताबा घेतला तर गळतीची परीक्षा फुकटात होते. उन्हाळ्यात घेतली तर वर्कशॉपमध्ये होजने स्कायलाइट, एसीची चौकट, सोलरच्या पायांचे बोल्ट आणि खिडक्यांच्या कडा यांवर प्रत्येकी दहा मिनिटं पाणी मारून घ्यावं, आणि तासाभराने आतल्या गादीखाली आणि कपाटाच्या मागे हात फिरवावा. पाणी ज्या जागी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. छताच्या पत्र्यावरून वाहत ते दीड-दोन मीटर लांब उतरतं. भोकात नुसता सिलिकॉन असेल तर दोन उन्हाळ्यांत तो सुटतो. ब्यूटाइल टेप आणि वरून पॉलीयुरेथेन सीलंट, असं दोन्ही मागावं. मग टाकी पूर्ण भरून पंप चालू ठेवावा आणि नळ बंद करावा. पंप थांबून थोड्या वेळाने आपोआप पुन्हा घुरघुरला तर कुठेतरी जोड गळतोय.

आरसी हातात आली की चार रकाने वाचावेत: बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामं वजन आणि बँकेचं नाव. आसनसंख्या चार असेल तर चालत्या गाडीत चारच माणसं, पाचवं माणूस मागच्या पलंगावर झोपून गेलं तरी ते बेकायदा आणि धोक्याचंच. फास्टॅगचा वर्ग आरसीशी जुळवून घ्यावा, नाहीतर कळंबोलीच्या पुढे पहिल्याच टोलवर वाद होतो. आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ ची सही घेऊन आरटीओत बोजा लगेच उतरवावा. एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, आणि ती संपली की बँकेच्या शाखेपासून सगळं पुन्हा सुरू करावं लागतं.